वयात येणाऱ्या मुलांशी ख्रिस्ती आईवडिलांनी काय बोलावे

आमच्या मंडळीत दरवर्षी दृढीकरणाचा, म्हणजे मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद होण्यासाठी तयार करणारा, वर्ग भरतो. त्यात १३ ते १६ वयाची दहा-बारा मुले-मुली असतात आणि गेली काही वर्षे त्या वर्गातील शरीर, आरोग्य आणि नीती या विषयाचे चार तास पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवले आहेत. पहिल्या तासाला मी टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवते, सगळ्यांना सारख्या आकाराचे कागद आणि सारख्या पेन्सिली देते आणि ज्यांना काही विचारायचे नसेल त्यांनीही प्रार्थनेची एखादी ओळ लिहून, घडी घालून, डब्यात टाकावी असे सांगते. त्यामुळे कोण लिहीत होते आणि कोण गप्प होते हे कुणालाच कळत नाही.

मग चिठ्ठ्या निघतात. "पाळी चालू असताना प्रभुभोजन घेतले तर चालते का?" "रात्री झोपेत कपडे खराब होतात, हे पापात मोजले जाते का?" "मोबाइलवर नको ते पाहिले, तर देव क्षमा करील का, की आधी आईला सांगावे लागेल?" एका वर्षी एका कागदावर अगदी बारीक अक्षरात एवढेच होते, "घरातल्या माणसाबद्दल विचारले तर चालेल का?" त्या चिठ्ठीकडे मी पुढे येणार आहे.

या चिठ्ठ्या वाचता वाचता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. शरीरात आपोआप घडणारी गोष्ट, स्वतः केलेली निवड आणि दुसऱ्याने आपल्यावर केलेला गुन्हा, हे तिन्ही मुलांनी एकाच गाठोड्यात बांधलेले असते आणि त्या गाठोड्याला ती सरसकट 'पाप' म्हणतात. पाळी आलेली मुलगी स्वतःला अपवित्र समजते, ज्याच्या अंगाला कुणी वाईट हेतूने हात लावला तो मुलगा स्वतःला दोषी समजतो, आणि जिथे खरोखर विवेक वापरायचा असतो त्या निवडीच्या जागी पोहोचेपर्यंत अपराधाच्या ओझ्याने ही मुले थकून गेलेली असतात. हे गाठोडे सोडून आतल्या गोष्टी निरनिराळ्या करून दाखवणे हे माझ्या मते ख्रिस्ती आईवडिलांचे पहिले काम आहे, आणि वर्गातले माझे चार तास ते काम पुरे करू शकत नाहीत.

हे काम आईवडिलांचेच, असे पवित्र शास्त्र सांगते. त्यातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे आणि ते कधी करायचे हेही तिथे सांगितले आहे : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. नीतिसूत्रांच्या पाचव्या आणि सातव्या अध्यायांत तर एक बाप आपल्या मुलाशी लैंगिक मोहाबद्दल इतके स्पष्ट बोलतो, की आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत ते अध्याय सहसा वाचलेच जात नाहीत. तो बाप मुलाला मोहाची वाट कशी दिसते ते सांगतो आणि त्याच दमात, तारुण्यात वरलेल्या पत्नीच्या सहवासात सुखी हो, असेही सांगतो. कॅथॉलिक बंधुभगिनींच्या बाबतीत त्यांच्या धर्मसभेने हे लेखी दिलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात, मुलांचे वय वाढेल तसे त्यांना सकारात्मक आणि विवेकपूर्ण लैंगिक शिक्षण मिळावे असे म्हटले आहे. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हे शिक्षण देणे हा पालकांचा मूलभूत हक्क आणि कर्तव्य असल्याचे सांगितले, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात लैंगिक शिक्षणाची गरज सांगणारा एक स्वतंत्र भागच लिहिला. तेव्हा 'असले विषय आपल्या धर्मात बसत नाहीत' हे म्हणणे टिकत नाही.

शाळेवर सोपवून मोकळे होण्याचा मार्गही आपल्याकडे फारसा उघडा नाही. २००७ मध्ये किशोरवयीनांसाठीच्या शालेय शिक्षण कार्यक्रमाला विरोध झाला तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र आहे, पण मुलीला पाळी त्याच्या दोन-तीन वर्षे आधीच आलेली असते, आणि आकृतीला नावे देता आली म्हणून मनातला प्रश्न सुटतो असेही नाही. आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी या संदर्भात एक जुनी गोष्टही लक्षात ठेवावी असे मला वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे एका मिशनरी संस्थेत, गणित शिकवत होते आणि संततिनियमनाचा उघड प्रचार केल्यामुळे १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. दोन वर्षांनी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. कर्व्यांची नीतीविषयक मते मला मान्य नाहीत. तरीही लोकांना शरीराची खरी माहिती असावी हा त्यांचा आग्रह योग्य होता आणि त्या वेळी आपल्या लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, हे मला कबूल करावेसे वाटते.

आता शरीराच्या गोष्टीकडे वळू. मुलींच्या शरीरात बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलांच्या शरीरात ९ ते १४ या वयात. बहुतेक मुलींना पहिली पाळी बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास येते, म्हणून आईने हे बोलणे नवव्या-दहाव्या वर्षीच सुरू केलेले बरे. पहिली दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते आणि दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर असले तर घाबरण्याचे कारण नसते. मात्र १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागले किंवा पोटदुखीमुळे दर महिन्याला शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांकडे जावे. अंगावरून थोडे पांढरे जाणे हा आजार नाही, पण त्याला वास येत असेल किंवा खाज सुटत असेल तर दाखवून घ्यावे.

आपल्या भाषेत पाळीला 'कावळा शिवला' म्हणतात, 'बाहेर बसणे' म्हणतात आणि 'विटाळ' हा शब्द तर सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या आजी-पणज्या तीन-चार पिढ्यांपूर्वी प्रभूकडे आल्या, पण हे शब्द काही घरांत अजून टिकून आहेत, आणि प्रभुभोजनाबद्दलची ती चिठ्ठी त्यांतूनच येते. तिला उत्तर देताना मी काही लपवत नाही. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायात पाळी आलेली स्त्री सात दिवस आणि वीर्यपात झालेला पुरुष संध्याकाळपर्यंत अशुद्ध मानावा असे लिहिलेले आहे. ही अशुद्धता पूजाविधीपुरती होती. नेहमीच्या पाळीला किंवा वीर्यपाताला तिथे पाप म्हटलेले नाही आणि त्यासाठी पश्चात्तापही सांगितलेला नाही. त्यानंतर मी मार्काचा पाचवा अध्याय उघडते. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येते आणि प्रभूच्या वस्त्राला शिवते. त्या काळच्या नियमाप्रमाणे तिच्या स्पर्शाने समोरचा विटाळायला हवा होता. प्रभू मागे वळतो, मला कोण शिवले असे विचारतो, आणि ती थरथरत पुढे येते तेव्हा तिला 'मुली' अशी हाक मारतो. चारी शुभवर्तमानांत येशूने एखाद्या स्त्रीला या नात्याने हाक मारल्याचा हा एकच प्रसंग आहे. वर्गात हा भाग वाचून दाखवला की 'शिवणे' या एका शब्दावर मुली मान वर करून पाहतात. ज्या घरात आईने लेकीला पहिल्या पाळीच्या दिवशी हा उतारा वाचून दाखवला, त्या घरातल्या मुलीला ती चिठ्ठी लिहावी लागत नाही.

मुलग्यांच्या बाबतीत आपण अजून मागे आहोत, कारण त्यांच्याशी कुणीच बोलत नाही. झोपेत वीर्य बाहेर पडणे ही वयात येतानाची नेहमीची घटना आहे, पण तिला मराठीत 'स्वप्नदोष' म्हणतात आणि त्या शब्दातच दोष ठेवलेला आहे. माणूस झोपेत निवड करत नाही, म्हणून तिथे पापाचा प्रश्न येत नाही, हे वडिलांनी मुलाला एका वाक्यात सांगून टाकावे. आवाज फुटणे, एक अंडकोष दुसऱ्यापेक्षा थोडा खाली असणे, छातीशी काही महिने गाठीसारखे लागणे, हे सारे नेहमीचेच आहे. एक गोष्ट मात्र प्रत्येक बापाने मुलाला आवर्जून सांगितली पाहिजे. अंडकोषात अचानक तीव्र वेदना सुरू झाली तर तिथे पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो अवयव गमवावा लागण्याची भीती असते. लाजेपायी मुलगा रात्रभर पोट धरून पडून राहिला तर त्या लाजेची किंमत त्याला आयुष्यभर मोजावी लागते. म्हणून अवयवांची नावे घरात उच्चारली गेली पाहिजेत. शिश्न, अंडकोष, योनी, स्तन हे शब्द मुलांना ठाऊक असले आणि ते उच्चारताना आईवडिलांची नजर खाली गेली नाही, तर वेळ आल्यावर मूल डॉक्टरांपुढे, आणि देव न करो पण गरज पडलीच तर पोलिसांपुढेही, नीट सांगू शकते.

लशीचा प्रश्नही याच खात्यात येतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतीय स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगानंतर सर्वाधिक आढळतो आणि तो बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्यावरची लस ९ ते १४ या वयात, म्हणजे विषाणूशी संबंध येण्याच्या कितीतरी आधी, दिली तर सर्वांत उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस २०२३ मध्ये आली. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो म्हणून काही आईवडील, "आमच्या मुलीला त्याची काय गरज?" असे मला विचारतात. लग्नापर्यंत संयम पाळलेल्या स्त्रीलाही तो पतीकडून होऊ शकतो, आणि लस दिली म्हणजे कसली परवानगी दिली असे होत नाही, एवढेच माझे उत्तर असते.

निवडीची गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ख्रिस्ती शिकवण काय आहे हे आडवळणाने न सांगता सांगावे. शरीर देवाने घडवले आणि ते फार चांगले आहे असे म्हटले, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. लैंगिक मीलन ही विवाहातील एकनिष्ठेसाठी दिलेली देणगी आहे, आणि विवाहाआधी संयम आणि विवाहानंतर निष्ठा ही अपेक्षा मुलगा आणि मुलगी या दोघांकडून सारखीच आहे. आपल्या घरांत मात्र मुलीवर पहारा असतो आणि मुलाला "सांभाळून राहा" एवढेच सांगितले जाते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू वासनेच्या नजरेविषयी बोलतो तेव्हा सारी जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकतो. जिच्याकडे पाहिले तिच्या कपड्यांविषयी तो अवाक्षर काढत नाही. मुलग्यांच्या आयांनी हा उतारा मुलांबरोबर बसून वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. तसेच, तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे हे करिंथकरांस पहिल्या पत्रातील वचन आपण बहुधा दटावण्यासाठी वापरतो, पण पौलाने ते त्या शरीराची किंमत सांगण्यासाठी लिहिले होते. तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, असे पुढच्याच ओळीत आहे.

नीती राखली जावी म्हणून आरोग्याबद्दल खोटे सांगण्याचा मोह पालकांना होतो, आणि या मोहाला कधीही बळी पडू नये असे मला मनापासून वाटते. हस्तमैथुनाचे उदाहरण घ्या. त्याने अशक्तपणा येतो, उंची खुंटते, पुढे मूल होत नाही, अशी भीती मुलांना घातली जाते आणि गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग तज्ज्ञां'च्या जाहिराती याच भीतीवर पोसल्या जातात. वैद्यकीयदृष्ट्या यांतले काहीही खरे नाही. त्याच्या नैतिक बाजूबद्दल मंडळ्यांत एकमत नाही. कॅथॉलिक शिकवण त्याला अयोग्य मानते, पण व्यक्तीला दोष देण्याआधी तिची अपरिपक्वता, जडलेली सवय आणि मनावरचा ताण विचारात घ्यावा असेही सांगते. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मते निरनिराळी आहेत. पवित्र शास्त्रात त्याचा थेट उल्लेख नाही, आणि त्यासाठी दाखला म्हणून दिली जाणारी उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायातील, वीर्य जमिनीवर पाडणाऱ्या ओनानाची गोष्ट भावाच्या विधवेचा हक्क नाकारण्याविषयी आहे. तुमच्या मंडळीची शिकवण असेल ती मुलाला सांगा, पण तिला बळ यावे म्हणून 'आंधळा होशील' असे सांगू नका. पंधराव्या वर्षी तो इंटरनेटवर खरे काय ते वाचतो, आणि मग आपण प्रभूविषयी जे सांगितले त्यावरचाही त्याचा विश्वास डळमळतो.

भीती आणि शपथा यांनी काय साधते याचा एक मोठा अनुभव अमेरिकेतल्या मंडळ्यांना आलेला आहे. तिथे १९९३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांतून विवाहापर्यंत संयम पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रांची चळवळ सुरू झाली आणि लाखो मुलामुलींनी सह्या केल्या. पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा काही परिस्थितींत प्रतिज्ञा घेतलेल्यांचा पहिला लैंगिक संबंध सरासरी दीड वर्ष लांबल्याचे २००१ मध्ये दिसून आले. हे थोडे नाही. पण २००५ मध्ये त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात असे आढळले, की लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांचे प्रमाण प्रतिज्ञा घेतलेल्या आणि न घेतलेल्या तरुणांत जवळजवळ सारखेच होते, कारण प्रतिज्ञा मोडलेल्यांनी निरोध वापरण्याचे आणि तपासणी करून घेण्याचे प्रमाण कमी होते. ज्याने कधीही चुकणार नाही अशी शपथ घेतली आहे, त्याला चुकल्यावर कुठे जायचे हे कुणी सांगितलेले नसते. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना गर्भनिरोधन म्हणजे काय, एचआयव्ही कसा पसरतो आणि तपासणी कुठे होते, हे ठाऊक असावे, असे मी मानते. कॅथॉलिक पालक याच वेळी कृत्रिम संततिनियमनाविषयीची आपल्या धर्मसभेची भूमिकाही समजावून सांगतील. युनेस्कोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे आणि अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे.

मोबाइलबद्दल थोडक्यात सांगते. अश्लील चित्रफिती मुलांच्या हाती पडणारच नाहीत अशी व्यवस्था कोणत्याही घराला करता येत नाही. ते चित्रण अभिनयाचे असते, त्यातली शरीरे आणि वागणे खरे नसते, त्यात स्त्रीला दिलेली वागणूक प्रेमाच्या उलट असते आणि त्यातल्या कित्येकींवर जबरदस्ती झालेली असू शकते, हे मुलांना कळले पाहिजे. रात्री घरातले सगळे फोन, आईवडिलांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. मुलाच्या फोनमध्ये काही सापडले म्हणून तो फोन भिंतीवर आपटला, तर पुढच्या वेळी ते सापडत नाही, एवढाच काय तो फरक पडतो.

एखादे मूल आपल्याला आपल्यासारख्याच मुलाचे किंवा मुलीचे आकर्षण वाटते असे सांगते. विवाहाविषयी मंडळ्यांची शिकवण पालकांना ठाऊक आहे, तरीही अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि नाजूकपणे वागवावे असे कॅथॉलिक धर्मशिक्षणातही लिहिले आहे. डॉक्टर याला आजार मानत नाहीत, आणि तो 'बरा' करण्याचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. अशा मुलाला भूत काढणाऱ्याकडे किंवा वैदूकडे नेऊ नये. त्याने विश्वासाने सांगितले, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता त्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठीविषयी. पुढच्या तासाला मी कुणाकडेही न पाहता सगळ्या वर्गाला सांगितले, की घरातल्या माणसाबद्दल विचारलेले चालते, पाळकसाहेबांबद्दल विचारलेले चालते, माझ्याबद्दल विचारलेलेही चालते. नंतर मी दुसऱ्या शमुवेलाचा तेरावा अध्याय वाचला. तामारेवर तिच्या सावत्र भावाने, अम्नोनाने, बलात्कार केला. तिने त्याला आधी नकार दिला होता, विनवण्या केल्या होत्या. नंतर ती दुःखाने डोक्यावर राख टाकून आक्रोश करीत निघाली, तेव्हा सख्ख्या भावाने तिला सांगितले की आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. बाप दावीद राजा फार संतापला, पण त्याने काहीच केले नाही. पवित्र शास्त्र ही गोष्ट झाकत नाही आणि सबंध अध्यायात तामारेला दोष देणारा एकही शब्द नाही. वर्ग सुटल्यावर एक मूल थांबले. त्यापुढचे लिहिणे त्या मुलावर अन्याय ठरेल; १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर फोन झाला आणि कायद्याने जे व्हायचे ते सुरू झाले, एवढेच सांगते.

तो कायदा म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलगा-मुलगी त्यात बालक धरली आहे. अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हा त्याच्या कलम १९ आणि २१ प्रमाणे गुन्हा आहे, मग ती माहिती आईला असो, शिक्षकाला असो वा पाळकाला. "घरातल्या घरात मिटवू", "मंडळीचे नाव खराब होईल", "आपण क्षमा करणारे लोक आहोत" ही वाक्ये मी ऐकलेली आहेत. क्षमा हा त्या मुलाचा आणि देवाचा विषय आहे. कळवणे हा आपला आहे. कुणी मुलाचे फोटो मिळवून पैशांसाठी धमकावत असेल तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर कळवावे, पैसे देऊ नयेत आणि संदेश पुसून टाकू नयेत.

याच कायद्याची दुसरी बाजू मुलांनाही सांगावी लागते. सतरा वर्षांच्या मुलीची संमती कायद्याच्या दृष्टीने संमती नसते, त्यामुळे दोघांनी आपखुशीने ठेवलेल्या संबंधातही मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो. अल्पवयीन मुलीने स्वतःहून पाठवलेला फोटोसुद्धा जवळ ठेवणे किंवा पुढे पाठवणे गुन्हा ठरू शकते. हे मुलांना धमकीच्या सुरात सांगू नये. रस्त्यावरचे नियम जसे सांगतो तसे सांगावे.

एवढे सारे करूनही कधी कधी घडू नये ते घडते, आणि आईवडिलांचा विश्वास त्या दिवशी कसाला लागतो. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरीयेला दिवस गेल्याचे योसेफाला कळते. देवदूताने अजून त्याला काही सांगितलेले नाही, त्याच्या मनात संशय आहे, आणि तरीही तिची चारचौघांत बेअब्रू होऊ द्यायची नाही असे तो ठरवतो. शास्त्र त्याला याच ठिकाणी 'नीतिमान' म्हणते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १८९९ च्या सुमारास, ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकले होते अशा स्त्रियांसाठी वेगळे घर उभारले आणि त्याला 'कृपा सदन' असे नाव दिले. आपल्याच प्रांतात, आपल्याच भाषेत कृपेचा हा अर्थ सव्वाशे वर्षांपूर्वी लावला गेला होता. मुलीला दिवस गेले असतील तर पहिली पायरी रुग्णालयाची आहे. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरी दिल्याने जिवावर बेतू शकते. बहुतेक मंडळ्या गर्भपाताच्या विरोधात आहेत. कायद्यात अल्पवयीन मुलीसाठी ठरावीक मुदतीपर्यंत, पालकांच्या लेखी संमतीने, त्याची तरतूद आहे. कोणताही निर्णय डॉक्टरांशी बोलून, मुलीला समोर बसवून आणि तिच्यावर आरडाओरडा न करता व्हावा. तिच्या वाट्याची शाळा आणि मंडळीतील जागा काढून घेतली जाऊ नये, आणि मुलगा आपल्या मंडळीतला असेल तर त्यालाही मोकळे सोडू नये.

चौथा तास मी आईवडिलांसाठी ठेवते आणि तोच डबा त्यांच्यापुढे ठेवते. त्यांच्या चिठ्ठ्यांत दरवर्षी एक प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत येतो : "मलाच कुणी काही सांगितले नाही, मी सुरुवात कशी करू?" मी त्यांना अनुवादाच्या त्या ओळीकडे परत नेते. समोरासमोर बसवून एकदाच मोठे भाषण देण्याची गरज नाही. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, वाटेने जाताना दोन-दोन वाक्ये बोलावीत, आणि जिथे एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही अशा जागा निवडाव्यात. काही विचारायला आई-वडील दोघेही अवघड वाटत असतील, तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालते, तिथे मुलाला घेऊन जावे.

मागच्या वर्षी एक वडील, पेशाने टेम्पोचालक, माझ्याकडे आले आणि त्यांनी काय केले ते सांगितले. मुलाला मागे बसवून ते मोटरसायकलवरून भाजी आणायला निघाले होते. वाटेत ते म्हणाले, "तुझ्या वयात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मलाही नीट बोलता येणार नाही, पण तुला काही विचारायचं असेल तर विचार, मी रागावणार नाही." मुलगा बाजारापर्यंत काही बोलला नाही. परत येताना पेट्रोलपंपावर रांगेत उभे असताना त्याने मागूनच हळू आवाजात एक प्रश्न विचारला. वडिलांना त्याचे अर्धेच उत्तर ठाऊक होते. तेवढे त्यांनी दिले आणि उरलेले विचारायला ते माझ्याकडे आले होते.